चाड्यातून वारा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या गोठ्यात उकिडवा बसून तिफनीच्या चाड्यात फुंकर मारत होता.

चाडं म्हणजे तिफनीवरचा, पेरणीच्या औतावरचा, लाकडी वाडगा. पेरणारी बाई मुठीनं त्यात दाणे सोडत जाते. तळाला तीन भोकं, भोकांना तीन नळ्या, आणि दाणे तिन्ही ओळींत सारखे पडतात. या सगळ्या कामात फुंकर मारायची वेळ कुठंही येत नाही. मी सात वर्षं पेरलंय, मला माहीत आहे.

"चोरी करून राह्यले का?" मी विचारलं.

तो दचकला नाही. त्यानं एक बोट वर केलं — थांबा — आणि पुन्हा फुंकर मारली. नळीच्या खालच्या टोकाला त्यानं तळहात धरला होता आणि त्या तळहाताकडे तो असा बघत होता, जसं तिथं आत्ता कुणाचं तरी पत्र येऊन पडणार आहे. आमचा बैलसुद्धा रवंथ थांबवून पाहत होता.

"तिन्हीकडं सारखी येते," तो म्हणाला.

"काय?"

"हवा."

"दाणेबी सारखेच येतात. माह्या आजानं उभं राहून करून घेतलं ते. बाभळीचं आहे."

"तुमच्या आजाले उडाच्या इमानाचं काही समजत होतं का वो?"

आता त्यानं मान वर केली. डावी भुवई पूर्ण होती, उजवी अर्धीच होती. उरलेली इंजिनानं खाल्ली होती हे मला नंतर कळलं. त्यामुळं तो कायम अर्धा चकित दिसायचा. मी शेणाची पाटी खाली ठेवली. का ठेवली ते मला आजही सांगता येत नाही. पाटी जड नव्हती…

महिनाभर मी जानेफळला मावशीच्या बाळंतपणात होते. आदल्या संध्याकाळीच परत आले होते आणि आईनं महिन्याभराच्या बातम्या भाकरी थापता थापता दिल्या होत्या. गाय व्याली. विहिरीचा रहाट मोडला. तुझ्या बाबांनी बरड विमानाला दिलं. मला वाटलं, चुलीच्या धुरानं मला चुकीचं ऐकू आलं.

पण खरंच दिलं होतं. एकसष्ट सालचा उन्हाळा होता तो. नवं राज्य होऊन एकच वर्ष झालं होतं, त्यामुळं आता काहीही होऊ शकतं असं लोकांना वाटायचं. त्याचं नाव इंद्रभान, वडनेर भोलजीच्या रामरावांचा मुलगा. नागपूरच्या विमानांच्या क्लबात मिस्त्री होता आणि तिथंच उडवायलाही शिकला होता. एका पडलेल्या विमानाचं इंजिन त्यानं मिळवलं, एका परदेशी मासिकातून नकाशे मिळवले, आणि लाकूड, कापड आणि सरस यांचं एक दोन सीटांचं विमान नागपूरला सुटं सुटं बनवून जळगाव जामोदला गुलाबरावांच्या कापसाच्या जिनच्या रिकाम्या शेडमध्ये उभं केलं. शेडला लागून आमचं बरड. सातपुड्याच्या पायथ्याचं, मुरमाड, सपाट. त्यावर कुसळंसुद्धा आढेवेढे घेत उगवतात. विमानाला पळायला तेच पाहिजे होतं.

बाबांनी ते फुकट दिलं. एकच अट घातली: दुसऱ्या सीटवर पहिल्यांदा उकंडराव, म्हणजे ते स्वतः, बसणार.

बाबांना विमानाचं काही नव्हतं. त्यांना धुरा, म्हणजे शेताचा बांध, पाहायचा होता. आमच्या आणि पंजाबरावांच्या वावरामधला धुरा पंजाबरावांनी आमच्याकडं सरकवला, असं बाबांचं बारा वर्षांचं म्हणणं होतं. जमिनीवरून ते सिद्ध होत नव्हतं. बाबा म्हणायचे, "एकडाव वरून पाहू दे मले. वरून लबाडी लपत नाई."

इंद्रभानची अडचण वेगळी होती. विमानाला वर पारदर्शक झाकण होतं. उडताना ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर झाकण एकीकडे जातं आणि माणूस दुसरीकडे. आणि मे महिन्यात आमच्याकडे बंद झाकणाखाली बसणं म्हणजे… माझ्या आईनं शेडमध्ये जाऊन त्या झाकणाखाली कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारपर्यंत कडक. ती म्हणाली, विमान चांगलंच आहे. इंद्रभान मात्र स्वतः दहा मिनिटं आत बसला आणि बाहेर आल्यावर त्याला आपलं नाव सांगायला वेळ लागला.

म्हणून त्याला आत हवा आणायची होती. नाकाजवळ एक भोक, तिथून वारा आत, आणि दोन सीटांना सारखा वाटून. त्यानं पत्र्याचा डबा करून पाहिला. सगळी हवा एकीकडंच जायची. मग कुणीतरी त्याला म्हणालं की सारखं वाटायचं तर चाडं पाहा.

"मले हे चाडं दोन दिवस पायजे," तो गोठ्यात म्हणाला. "मोतीराम सुताराले दाखवतो. त्याच्यावरून लहान करून घेतो."

"मृगाले पेरणी आहे आमची."

"मृगाच्या आधी माहंबी सगळं व्हाले पायजे." तो उठला, हात झटकले. "एक जूनले नागपूरहून साहेब येते तपासाले. पास झालं तर इथंच राहीन, उडवीन, आणखी बनवीन. नापास झालं तर साहेब दिवाळीनंतर येईन. तवरोक शेडमधी गुलाबराव ढेपीची थप्पी लावीन, अन् पावसात लाकडाचं इमान… मोडून बैलगाडीत भराचं. मी नागपूरले परत."

त्यानं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला एकदम राग आला. मी जानेफळला जायच्या आधी आला असतास तर काय बिघडलं असतं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. ओळख होऊन चार मिनिटं झाली होती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण त्यात थुंकी नका उडवू. फुंकर मारा ते कोरडी मारा."

*

मोतीरामकाकांनी सागाचं लहानसं चाडं केलं. देखणं होतं. फक्त त्याला तीन भोकं होती.

"काका, सीटा दोन आहेत," इंद्रभान म्हणाला.

"असतीन."

"मंग भोकं दोन पायजे होते."

मोतीरामकाकांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावरच ठेवली. "चाड्याले तीन भोकं राह्यतात. माह्या बापानं तीनच केले, मी तीनच केले. दोन भोकाचं चाडं करून मले गावात हासं नाई करून घ्याचं."

तिसऱ्या भोकाला मग दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंड्याचं बूच ठोकलं.

ताक घेऊन मी रोज दुपारी शेडमध्ये जायचे. बाबा तिथंच खाटेवर बसून विमानाला सूचना देत असायचे, म्हणून ताक बाबांसाठी. तांब्या मात्र दोन माणसांचा असायचा. आईनं हे पाहिलं होतं. तिनं तांब्या मोठा दिला.

नळ्या बसल्या तेव्हा हवा सारखी वाटली जाते का ते बघायचं होतं. हवा दिसत नाही, ही तिची मुख्य अडचण.

"ज्वारी सोडून पाहा," मी म्हटलं. "दाणे सारखे पडले म्हणजे हवाबी सारखी."

"तसं नसते."

"करून पाहाले काय जाते?"

त्यानं खांदे उडवले आणि मी मूठ भरली. मूठ अशी सोडायची असते की दाणा हातातून निघतोय हे हातालाच कळू नये. मी सोडत गेले आणि दोन्ही नळ्यांतून ज्वारी दोन वाट्यांत पडत गेली. इंद्रभान आधी वाट्यांकडं पाहत होता. नंतर नव्हता.

"किती सारखी…" तो म्हणाला.

"वाट्या पाहा ना मंग."

"पाह्यल्या."

"मोजा."

"मोजतो." आणि त्यानं खरंच मोजले. डावीकडं दोनशे अकरा, उजवीकडं दोनशे आठ. तीन दाणे कमी का, यावर आम्ही अर्धा तास बोललो. मी आयुष्यात कुणाशी तीन दाण्यांवर अर्धा तास बोलले नव्हते. मधेच ढगाची सावली शेडवरून गेली, पत्रे कडकन वाजले… मग तो म्हणाला, "काही दाणे नळीच्या वळणात अडकले असतीन." आणि विषय संपला. हे अडकलेले दाणे लक्षात ठेवा.

*

दुसऱ्या दिवशी चाकांना दगड लावून इंजिन सुरू करायचं होतं. बाबा नांदुऱ्याच्या बाजाराला गेले होते. दुसऱ्या सीटवर कुणीतरी बसून हवा येते का ते सांगायला पाहिजे होतं.

"तुमी बसता का?" त्यानं विचारलं. "नाई म्हणजे… भेव वाटत असन तर पोतं ठेवतो."

"पोतं सांगणार आहे का हवा येऊन राह्यली म्हणून?"

मी पदर खोचला आणि बसले. आई शेडच्या दारात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं, आणि एक खडा काढून लांब फेकला.

नळीच्या तोंडाशी त्यानं कापसाची एकेक पिंजकी दोऱ्यानं बांधली होती. हवा आली की ती उडणार. झाकण लागलं. इंजिन सुरू झालं, सगळं विमान तापातल्या माणसासारखं थडथडलं, बाहेर धुळीचा लोट उठला. आणि कापूस? कापूस दोन्हीकडं मान खाली घालून बसला होता. जरासुद्धा हलला नाही.

इंद्रभाननं इंजिन बंद केलं. कपाळ टेकवून बसला. त्याच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि कॉलरपर्यंत पोचला.

"नळ्या मोकळ्या आहेत," तो स्वतःशीच म्हणाला. "भोक मोठं आहे. मंग काऊन नाई येऊन राह्यली?"

"तुंबलं आहे," मी म्हटलं.

"कुठं? आत्ताच तर पाह्यल्या नळ्या."

"नळ्या नाई वो. हे… आपण बसलो ते. फणाच्या तोंडाशी माती तुंबली ना, का वरून कितीबी मुठी सोडा, दाणा चाड्यातच साचते. खाली जागा पायजे. इथं आधीच हवा भरून आहे, तिले बाहेर निघाले वाटच नाई. नवी कुठं बसीन?"

तो वळून माझ्याकडं पाहू लागला. उजवी भुवई वर गेली, होती तेवढी.

"सीटच्या मांगं कापड सुटं आहे जरा," तो हळूच म्हणाला. "वर धरून पाहा बरं…"

त्यानं पुन्हा इंजिन लावलं. मी मागं हात घालून कापडाची कडा चार बोटं उचलली.

आणि वारा आला! कसा आला म्हणून सांगू — नळीतून सरळ, थंड, पेट्रोल आणि सागाच्या भुशाचा वास घेऊन. कापसाची पिंजकी थरथरली, ताठ झाली, दोरा तोडून माझ्या गालाला लागून मागं निघून गेली. मी हसत होते. मोठ्यानं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार?

तो काहीतरी ओरडला.

"काय?"

"बट!" तो ओरडला. "तुमची बट… उडून राह्यली!"

"हवा येऊन राह्यली म्हणून!"

"हाव!" तो म्हणाला, आणि इंजिन बंद करायला विसरला. "हाव… हवाच."

पण हवा माझ्या कपाळावर येत होती. नाकाच्या उंचीवर पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यानं शेवटी इंजिन बंद केलं, मागं वळून खिशातून सुतळी काढली, एक टोक सीटला धरलं आणि दुसरं वर नेत गेला. माझ्या नाकाशी येऊन त्याचा हात थांबला. हाताला ग्रीसचा वास होता. दोघांचाही श्वास त्या वेळी, हवेची एवढी सोय केलेली असताना, बंद होता.

"इथं येते तुमचं नाक," तो म्हणाला.

"गाठ मारा मंग."

"माहे हात…" त्याचे हात काळे होते. मीच गाठ मारली. पेरणीच्या सुतळीला मारतात तशी, दुहेरी, जी भिजली तरी सुटत नाही.

"तात्पुरतं माप आहे," तो घाईनं म्हणाला. "उद्या मामाचं घेतो. सीट मामाचीच आहे."

मामा म्हणजे माझे बाबा. तो पहिल्या दिवसापासून त्यांना मामा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाबांचं माप घेतलं. बाबा सहा फूट. झाकणाला त्यांचं डोकं टेकत होतं. ते म्हणाले, मी वाकून बसीन, धुरा खालीच आहे. त्यांची सुतळी शेडमध्ये खिळ्याला टांगली गेली. माझी कुठं गेली, मी विचारलं नाही.

मे संपत आला. सीटच्या मागं हवा निघायला खाच कापली, नळ्या सरसानं पक्क्या केल्या. ताक रोज जात होतं. इंद्रभान मला इंच सांगायचा, कोन सांगायचा, सरस किती वेळात सुकतो ते सांगायचा. एकदा तर मला जिनच्या काट्यावर उभं करून माझं वजन केलं, काटा बरोबर आहे का ते पाहायला म्हणून. एक मण तीन शेर. एवढी सगळी मापं घेणारा माणूस एक साधं वाक्य बोलत नव्हता. आणि मी काय बोलणार? एक तारखेनंतर एकतर तो इथला असणार, नाहीतर नागपूरचा. मी रोज नळीच्या तोंडावरून हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे — पास हो बाई, पास हो.

*

साहेब एक जूनला सकाळच्या मोटारीनं आले. बारीक, चष्म्याचे, हातात छत्री, काखेत फॉर्मांची चळत. पावसाचा पत्ता नव्हता. छत्री ते विमान ठोकून पाहायला वापरत होते. पंख ठोकले, चाकं ठोकली, शेपूट ठोकलं. एकदा चुकून बाबांनाही ठोकलं. इंजिन, तारा, सुकाणू, सगळ्यापुढं खुणा झाल्या.

"आता हवा," साहेब म्हणाले. "प्रवासी कोण?"

"मी," बाबा म्हणाले आणि नवं धोतर सावरत दुसऱ्या सीटवर चढले. पुढच्या सीटवर साहेब स्वतः बसले. झाकण लागलं. चाकांना दगड होते. बाहेर मी, आई, मोतीरामकाका.

साहेबांनी इंजिन पूर्ण जोरात सोडलं. आजवर एवढ्या जोरात आम्ही कधी सोडलंच नव्हतं.

मघाशी मी दाणे लक्षात ठेवायला सांगितले होते.

झाकणाच्या आत एकदम कसलातरी धुडगूस माजला. साहेबांचा चष्मा कपाळावर गेला. बाबांनी दोन्ही हातांनी गळा धरला. इंजिन बंद झालं, झाकण उघडलं. साहेबांच्या केसांत ज्वारी होती.

साहेबांनी शर्टाच्या खिशातून दोन दाणे काढले, तळहातावर ठेवले. "हे काय आहे?"

"ज्वारी, साहेब," इंद्रभान म्हणाला.

"कशाची?"

"चाचणीची."

"कशाच्या चाचणीची?"

"हवेच्या."

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. मग लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलंही: "हवा पुरेशी. हवेसोबत धान्य. धान्य काढून टाकावे." आणि खूण केली. माझा श्वास सुटला.

पण बाबा अजून गळा धरून होते.

"इंद्रभान, मले एक सांग बे," बाबा म्हणाले. "तुह्या नाकावर हवा अन् माह्या नरड्यावर काऊन?"

साहेब वळले. छत्रीचं टोक नळीच्या तोंडाला लावलं, आडवं नेलं. ते बरोब्बर बाबांच्या नरड्यावर गेलं.

"याचं माप कुठंय?" साहेबांनी विचारलं.

मोतीरामकाकांनी मोठ्या उत्साहानं खिळ्यावरची सुतळी आणली. ती बाबांच्या नाकापर्यंत नीट पोचली. नळीशी मात्र तिचा काही संबंध नव्हता.

"या मापानं बसवलेली नाही. मग कोणत्या?"

इंद्रभाननं खिशात हात घातला. अगदी हळू. सुतळी बाहेर आली. महिनाभर ती त्याच खिशात असणार, कारण गाठ हाताळून हाताळून काळी, गुळगुळीत झाली होती. पण होती दुहेरी. मी ती लांबूनही ओळखली.

साहेबांनी सुतळी लावली. गाठ नळीच्या तोंडाशी टेकली. केसाइतकाही फरक नव्हता.

"हे पाहा," साहेब म्हणाले, "चूक झाली असेल तर तसं लिहितो. पण मग नळी काढून नव्यानं बसवावी लागेल, म्हणजे विमान नापास. दिवाळीनंतर येईन. मुद्दाम केलं असेल तर हरकत नाही, मात्र कारण लिहून द्यायचं. चूक की मुद्दाम?"

बरडावर ऊन नुसतं उभं होतं. लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती. इंद्रभान माझ्याकडं पाहत नव्हता, आणि ते न पाहणं इतकं जोरात होतं की आईनं माझ्याकडं पाहिलं.

चूक म्हण, मी मनात म्हटलं. नको… चूक म्हणू नको.

"मुद्दाम," तो म्हणाला.

"कारण?"

"प्रवासी… त्या मापाचा आहे, साहेब."

"उभी उंची?"

"चार फूट अकरा." इतक्या पटकन की साहेबांची पेन्सिल मागं राहिली.

"वजन?"

"एक मण तीन शेर."

बाबांच्या चेहऱ्यावर हिशेब सुरू झालेला मला दिसला. आमच्या घराच्या चौकटीवर बाबांनीच दर दिवाळीला विळ्यानं खूण करून ठेवली आहे. शेवटची खूण चार फूट अकराची.

"नाव?"

महिनाभर त्यानं मला 'तुमी' आणि 'ऐका ना' याशिवाय काही म्हटलं नव्हतं.

"कौशल्या," तो म्हणाला.

इतकं साधं नाव आहे माझं. गावात चौघी कौशल्या आहेत. तरी मला वाटलं, हे नाव आत्ताच कुणीतरी घडवलंय आणि अजून त्यावर सरस ओला आहे.

"थांबा साहेब!" बाबा उठायला गेले, डोकं झाकणाच्या चौकटीला आपटलं, पुन्हा बसले. "हे माही पोरगी आहे!"

"असं होय," साहेब म्हणाले. फॉर्म उलटला, आणखी एक फॉर्म काढला. "मग वडिलांची सही खाली. आधी प्रवाशाची संमती. विमान प्रायोगिक आहे, धोका समजून घेतला आहे, स्वखुशीनं बसत आहे. तीन प्रती." आणि पेन्सिल माझ्यापुढं धरली.

आमच्या गावात आजवर कुठल्या मुलीची संमती तीन प्रतींत घेतली गेली नव्हती.

मी विमानाच्या पंखावर कागद ठेवला. कापडाचा पंख खालून तापलेला होता. इंद्रभान शेजारी उभा होता, अर्धी भुवई, हातात सुतळी.

"धोका समजला का?" त्यानं अगदी हळू विचारलं. "नीट वाच. घाई नाई. मी… दिवाळीपर्यंतबी थांबीन."

'वाच' म्हणाला. 'वाचा' नाही.

"इतके दिवस काय करून राह्यले होते?" मी कागदाकडं पाहत म्हटलं. "तोंड नव्हतं का तुमाले?"

"माप चुकीन म्हणून भेव वाटे."

मी तिन्ही प्रतींवर सही केली. तिसरी जरा वाकडी आली.

आता सगळे बाबांकडं पाहत होते. बाबा सीटमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसले होते, पोटावर ज्वारी. रागावण्यासाठी माणसाला आधी सीटमधून बाहेर निघता यायला पाहिजे.

"अन् माह्या धुऱ्याचं काय?" बाबा शेवटी म्हणाले.

"मामा, कौशल्या पाहून येईन ना," इंद्रभान म्हणाला. "तिची नजर चांगली आहे. तीन दाण्याचा फरक समजते तिले."

"मामा म्हणते!" आई त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "पयल्या दिवसापासून मामा म्हणून राह्यला हा. मामाची पोरगी कोनाले देतात, काही समजते का तुमाले? म्या तवाच तांब्या बदलला." मग साहेबांकडं वळून म्हणाली, "साहेब, ताक घ्या. अन् इंद्रभान, ऐकून ठेव. आधी सुपारी फुटीन, मंग पोरगी उडीन. तवरोक त्या सीटवर पोतं बसव."

बाबांनी सही केली. झाकणाखाली आणखी बसवत नव्हतं, असं ते नंतर सांगायचे.

*

चार दिवस पोतं उडालं. पोत्यात ज्वारी एक मण तीन शेर, मोजून. त्याला हवा फार छान लागली असणार. पाचव्या दिवशी वडनेरहून रामराव आले, सुपारी फुटली, आणि सहा जूनला सकाळी, मृगाच्या आदल्या दिवशी, पोतं उतरवून मी बसले.

बरड धावलं, धडधडलं, आणि अचानक धडधड थांबली. मी खाली पाहिलं. जिनचं शेड तळहाताएवढं, आई तिळाएवढी. उत्तरेला सातपुडा निळा पसरला होता आणि त्यामागं ढग गोळा होत होते. नळीतून वारा आला — नाकावर, बरोब्बर नाकावर. बट उडाली. या वेळी तो काही ओरडला नाही, नुसता हसला; त्याला समोर बघायचं होतं.

"एक विचारू का?" मी ओरडले. "दोघाले दोन नळ्या. अन् तिसरं भोक कोनाले?"

त्याचे कान लाल झाले. मागच्या सीटवरून कान चांगले दिसतात.

"त्याले… सध्या बूच आहे!" तो ओरडला.

'सध्या' म्हणाला. मी बराच वेळ सातपुड्याकडं पाहत राहिले.

मग त्यानं विमान कलतं केलं, आणि आमचं वावर माझ्या खिडकीत आलं. पंजाबरावांचंही. मधला धुरा. बाबांचं म्हणणं खरं होतं, वरून लबाडी लपत नाही. जुन्या धुऱ्याची फिकट रेघ अजून दिसत होती, सरळ, बोरीच्या झाडापासून विहिरीपर्यंत. नवा धुरा तिच्यापासून चांगला आठ हात सरकलेला होता.

पंजाबरावांच्या वावरात.

इंद्रभाननंही पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. संसारातलं आमचं पहिलं गुपित ते.

उतरलो तेव्हा बाबा धोतराचा सोगा हातात धरून बरडावरून पळत येत होते. त्यांच्यामागं थोड्या अंतरावर पंजाबरावही होते. त्यांनाही निकाल पाहिजे होता. झाकण उघडलं. बाबांनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली.

"काय दिसलं व पोरी? सांग याच्यासमोर! नीट सांग!"

मी इंद्रभानकडं पाहिलं. तो सुतळीची गाठ फार बारकाईनं तपासत होता. मी केसातून ज्वारीचा एक शेवटचा दाणा काढला आणि बाबांच्या हातावर ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "हवा लय चांगली येते."